ह्यांना लसूण चालतो का

बसस्थानकात शिरलं की उजव्या हाताला, पासाच्या खिडकीला लागून जी काच आहे, तिच्यामागे चौकशीताई बसते. काचेला खाली अर्धगोल भोक आहे. लोक त्या भोकाशी वाकतात, विचारतात आणि ती सांगते. दवाखान्याकडची गाडी कुठे लागते, शेवटची गेली का, सायकल टपावर टाकता येते का, सुटे मिळतील का. परवा एकाने विचारलं, "माझा भाऊ आला का?" त्यालाही तिने सांगितलं, "निळ्या शर्टातले, तुमच्यासारखंच नाक असलेले? मघाशीच उतरले. टपरीवर चहा घेतायत."

ती नोकरीला लागली तेव्हाच्या साहेबांनी बजावलं होतं, की ह्या खिडकीमागे बसणाऱ्याने 'माहीत नाही' म्हणायचं नाही. माहीत नसेल तर विचारून घ्यायचं आणि मग सांगायचं. साहेब कधीच निवृत्त झाले, त्यांच्यामागून आणखी तीन साहेब आले नि गेले, पण ते दोन शब्द काही तिच्या तोंडी आले नाहीत.

घरी गेलं की काच नसते, एवढाच फरक. सासूबाई विचारणार, "अगं, मी सकाळची गोळी घेतली का?" लेक विचारणार, "आई, मला हा रंग चांगला दिसतो की मी आजारी वाटते?" आणि नवरा काहीही विचारणार. त्याची टाइल्स-नळांच्या दुकानात नोकरी. दोन तास फरशा बघून गोंधळलेल्या गिऱ्हाइकाला तो असा काही पटवतो, की ते बिचारं आपल्या न्हाणीघराला अख्ख्या जगात हाच एक हिरवा रंग शोभेल अशा खात्रीने बाहेर पडतं. पण घराचा उंबरा ओलांडला की ह्याची अक्कल चपलांबरोबर बाहेर राहते. चष्मा कुठे आहे, मला ताप आहे का, मी त्या लग्नाला आलो होतो का. एकदा तर त्याने दुकानातून फोन करून विचारलं होतं, "अगं, मी डबा खाल्ला का गं?"

"खाल्लात," ती म्हणाली होती. "मघाशी फोन केलात तेव्हा तोंडात घास होता."

असल्या घरात जेवायचं म्हणजे तिने मधेमधे जेवायचं. एक घास घेतला की मीठ, दुसरा घेतला की पाणी, तिसऱ्याला "आई, माझा निळा मोजा". तिचं अन्न निवून जाई आणि मग ते ती गिळून टाकी. तक्रार नव्हती. तक्रार करायलाही पाच मिनिटं सलग लागतात, ती तिला कुठून मिळणार?

गेल्या महिन्यात बसस्थानकासमोर, जिथे पूर्वी छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथे रामेनचं, म्हणजे जपानी पद्धतीच्या सुपातल्या नूडल्सचं, हॉटेल उघडलं. लाकडी दार, वर वाडग्याचं चित्र, वाडग्यातून निघणाऱ्या वाफेच्या तीन रेघा. दुपारी वारा इकडचा असला की लसणाचा आणि कसल्याशा खमंग सुपाचा वास रस्ता ओलांडून सरळ त्या अर्धगोल भोकातून आत येई आणि चौकशीताईच्या नाकाशी बसे. वास तेवढा काही विचारत नसे.

तिला दिसलेली दुसरी गोष्ट अशी, की तिथे लोक एकेकटे जात. बाहेर पडत तेव्हा त्यांचे चेहरे धुतल्यासारखे असत.

"आत कप्पे केलेत," पासवाल्या बाई म्हणाल्या. त्या पहिल्याच आठवड्यात जाऊन आल्या होत्या. नवीन काही उघडलं की त्या रिबीन कापायच्या आत पोचतात. "दोन्ही बाजूंना फळ्या. समोर छोटी खिडकी, तिला पडदा. पडदा वर, वाडगा आत, पडदा खाली. आपण आणि आपला वाडगा. शेजारी सख्खा भाऊ बसला तरी कळायचं नाही."

"बोलायचं नाही?"

"कुणाशी बोलणार? फळीशी?"

चौकशीताईने ते ऐकलं आणि रस्त्यापलीकडच्या लाकडी दाराकडे पाहिलं. भूक नव्हती, डबा नुकताच झाला होता. एक वाडगा. गरम. पहिल्या घासापासून शेवटच्या घोटापर्यंत, आणि मधे कुणी काहीही विचारायचं नाही. एवढंच तिला हवं होतं, पण ते एकदा हवंसं झाल्यावर दुसरं काही सुचेना. त्या दिवशी तिने एका म्हाताऱ्या गृहस्थांना तलावाकडच्या गाडीऐवजी रामेनच्या दाराकडे बोट दाखवलं. गृहस्थ गेलेही. तासाभराने परत आले आणि तिचे आभार मानून गेले.

रविवारी तिची सुट्टी. तिने ठरवलं, रविवारी दुपारी कापड घ्यायला जाते म्हणून निघायचं. सगळं जुळून आलं होतं. फक्त शनिवारी संध्याकाळी तिने लेकीला नको ते विचारलं.

"काय गं, तिथे एकटं माणूस गेलं तर विचित्र दिसतं का?"

विचारण्याची सवय नसलेल्या माणसाने विचारू नये. लेकीने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "कुठे? रामेनला? आई, तू रामेनला चाललीयस?" आणि ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेलीसुद्धा. "बाबा, आजी, आई आपल्याला रामेन खायला नेतेय."

"अरे वा," नवरा म्हणाला. "मला आवडतं का ते?"

झालं. रविवारी दुपारी चौघांची वरात निघाली. सासूबाईंनी ठेवणीतली शाल काढली, नवऱ्याने दुकानातला बिल्ला लावलेलाच शर्ट घातला, आणि चौकशीताई बसच्या खिडकीशी तोंडाचा चंबू करून बसली. नेहमीप्रमाणे काय होणार ते तिला दिसत होतं. चार वाडगे मधे येतील. नवरा म्हणेल, तुझं चाखून बघू. लेक म्हणेल, अदलाबदल करू. सासूबाईंना चावणार नाही ते सगळं तिच्याकडे येईल आणि तिच्यातलं मऊ सगळं तिकडे जाईल. उरेल तो वाडगा.

दारात काळ्या ॲप्रनची एक मुलगी उभी होती. "चौघं? एकत्र बसायची सोय नाही आमच्याकडे. जागा जशी रिकामी होईल तसं एकेकाला सोडते. चालेल?"

"चालेल," चौकशीताई इतक्या झटकन म्हणाली, की नवऱ्याने वळून पाहिलं.

"असं कसं?" तो म्हणाला. "आम्ही एका घरातले आहोत."

"ते इथे मोजत नाहीत, काका," मुलगी गोडपणे म्हणाली, आणि तिने त्याला कोपऱ्याच्या पलीकडे, पार तिकडच्या टोकाला नेऊन बसवलं. लेक त्याच्यापासून दोन जागा सोडून. चौकशीताईच्या वाट्याला भिंतीकडची शेवटची जागा आली, आणि तिच्या लगतची सासूबाईंना.

स्टूल उंच होतं. ती त्याच्यावर चढली आणि बघतच राहिली. दोन्हीकडे डोक्याच्या वरपर्यंत लाकडी फळ्या. समोर पेला, छोटा नळ, एक बटण, एक पेन. आणि नळाच्या वर काड्यांचा पडदा लावलेली बुटकी खिडकी, अगदी तिच्या ऑफिसातल्या खिडकीएवढी. आजवर ती खिडकीच्या आतल्या अंगाला बसत आली होती. बाहेरच्या अंगाला बसल्यावर जीव इतका हलका होतो, हे लोकांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने पाय हलवून पाहिले. ते जमिनीला टेकत नव्हते. ती हलवतच राहिली.

इतक्यात पडदा वर गेला आणि भोकाशी दोन हात आले.

"कुठे जायचंय?" चौकशीताई पुढे वाकून म्हणाली.

हात थबकले. "इथे... खुणा करायच्या, काकू," आतून आवाज आला. हातांनी एक छापील चिठ्ठी पुढे सरकवली आणि पडदा घाईने खाली आला.

ती दोन्ही हातांनी तोंड दाबून हसली. फळीला धक्का लागला.

"काय झालं गं?" फळीपलीकडून सासूबाई.

"काही नाही, आई."

चिठ्ठीवर बरंच काही होतं. नूडल्स मऊ हव्यात, मध्यम की कडक. सूप पातळ की दाट. लसूण नको, थोडा की भरपूर. तिखट किती. पात वर की वेगळी. तिने पेन उचललं तोच पडदा पुन्हा वर गेला. आता आणखी एक चिठ्ठी होती.

"तिकडच्या कोपऱ्यातले काका विचारतायत," आवाज म्हणाला, "की त्यांना लसूण चालतो का."

पेन आपसूक चाललं. लसूण थोडा, रात्री जळजळतं. नूडल्स मऊ, मागच्या वर्षी दाढ काढलीय. सूप पातळ. तिखट अजिबात नको, नाक वाहतं. पात वेगळी, आधी नको म्हणतील मग मागतील. एका दमात पाच खुणा. तिने चिठ्ठी परत सरकवली. पडदा खाली.

मग तिने स्वतःची चिठ्ठी पुढे ओढली. मऊ, मध्यम की कडक?

पेन हवेत थांबलं. तिने आठवून पाहिलं. घरात सगळं मऊ शिजतं, सासूबाईंसाठी. पातळ असतं, नवऱ्यासाठी. लेकीला लसणाचा वास चालत नाही, दुसऱ्या दिवशी कॉलेज असतं. तिला स्वतःला काय आवडतं? डोक्यात नेहमी उत्तरं असतात त्या जागी तिने हात घालून पाहिला, तिथे फडताळ रिकामं. सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं होती, ही एक गाडी तेवढी नव्हती. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. नव्या घराचं कुलूप उघडून आत शिरावं आणि खोल्या मोजाव्यात, तसं तिला गुदगुल्या झाल्यासारखं झालं.

फळीवर टकटक झाली. "अगं, मला कडक चावेल का?"

चौकशीताईने तोंड उघडलं. पण ती काही बोलायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. बघते मीच. दात माझेच आहेत."

पडदा पुन्हा वर. नवऱ्याची चिठ्ठी, पुन्हा.

"काका विचारतायत, अंडं अर्धकच्चं त्यांना आवडेल की पूर्ण उकडलेलं. आणि त्यांना भूक किती आहे. मोठा वाडगा घेऊ की लहान."

चौकशीताईने त्या हातांकडे पाहिलं. तरुण हात होते, बोटावर चिकटपट्टी होती. ते वाट बघत होते. तिने श्वास घेतला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

छताचा तुकडाही पडला नाही. तिने वर बघून खात्री करून घेतली.

"काय सांगू त्यांना?" हात गोंधळले.

"हेच सांगा. माहीत नाही म्हणाली. आणि हे बघा, मघाशी मी केलेल्या खुणा रद्द. त्यांना एक कोरी चिठ्ठी द्या. पेन त्यांच्यापुढे असेलच."

हात गेले. थोड्या वेळाने कोपऱ्यापलीकडून आवाज आला, "माहीत नाही म्हणजे?" आणि त्याच्यावर कुणीतरी अनोळखी माणसाने "श्श" केलं. चौकशीताईने कपाळ फळीला टेकलं आणि आवाज न करता इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. हे दोन शब्द इतके मऊ असतील असं तिला वाटलं नव्हतं. तिने ते पुन्हा एकदा, हळूच, नळाला म्हणून पाहिले.

मग तिने आपली चिठ्ठी भरली. घरात जे जे कुणालाच चालत नाही ते ते. नूडल्स कडक. सूप दाट. लसूण भरपूर. पात वर, आणि जास्त.

वाडगा आला तो दोन्ही हातांवर तोलून. पडदा खाली आला आणि चौकशीताई आणि वाडगा, दोघंच उरले. सुपावर तेलाचे बारीक बारीक सोनेरी चट्टे तरंगत होते. मधे अंडं, दोन फाकांत, पिवळं अजून डुलतंय. लसणाचा असा दणका आला, की तिच्या कानशिलांपर्यंत गेला. तिने पहिला घास घेतला. तोंड भाजलं. तिला ते इतकं आवडलं, की तिने लगेच दुसरा घेऊन पुन्हा भाजून घेतलं. नूडल्सना दाताखाली ताण होता; त्या तुटताना तिला जाणवत होत्या. आपल्याला कडक आवडतं. तिला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि लगेच वाटलं, छे, कशाला.

तिसऱ्या की चौथ्या घासाला कोपऱ्यापलीकडून उचकी ऐकू आली.

एक उचकी. मग खोकला. मग उचकी आणि खोकला हातात हात घालून. तो खोकला ती झोपेतही ओळखेल. ह्याने तिखटाची शेवटची खूण केली असणार, रागाने किंवा अंदाजाने. तिचे पाय आपोआप स्टुलाच्या खालच्या दांडीवर आले. एक हात फळीवर गेला. समोर वाडगा वाफाळत होता, अर्धा राहिलेला, आणि तिला नीट कळत होतं की आपण आत्ता उठलो तर परत येऊ तेव्हा हा वाडगा नेहमीचा झालेला असेल.

टकटक. "बस खाली," फळी म्हणाली.

"आई, ह्यांना ठसका लागलाय."

"ऐकतेय मी. पुढ्यात नळ आहे त्याच्या."

"त्यांना सापडेल?"

"दिवसभर लोकांना नळ दाखवतो तो दुकानात," सासूबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, घास गिळून, "आणि हे बघ, मीसुद्धा लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गरम खातेय. बोलू नकोस माझ्याशी."

चौकशीताई खाली बसली. कोपऱ्यापलीकडे पाणी पडल्याचा आवाज आला. उचकी लांबली, बारीक झाली, थांबली. सापडला होता नळ.

त्यानंतरचं जेवण तिने घाई न करता केलं. अंड्याची एक फाक मधे खाल्ली आणि एक शेवटाला ठेवली, कारण तिच्यावर कुणाचाच डोळा नव्हता. नूडल्स संपल्या आणि सूप उरलं, तेव्हा तिने बटण दाबलं.

हात आले. "काकू?"

"ह्या सुपात आणखी नूडल्स मिळतात असं लिहिलंय."

"मिळतात. कशा, कडकच?"

"कडक," चौकशीताई म्हणाली, जणू जन्मापासून माहीत असल्यासारखी.

शेजारच्या फळीपलीकडेही बटणाचा आवाज झाला.

दोघी बाहेर आल्या तेव्हा बापलेक कधीचे रस्त्यावर उभे होते. नवऱ्याचं नाक लाल, डोळे सुजलेले, कपाळावर घाम, आणि चेहरा असा, की नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

"तिखट," तो म्हणाला. "मला तिखट आवडतं. तुला माहीत होतं?"

"नाही बाई."

"मलाही नव्हतं. आधी वाटलं मरतो. मग कान मोकळे झाले. तिथला नळ मस्त आहे, दाबाचा, पण टाइल्स अगदीच सुमार लावल्यात." तो थांबेना. "तू काय घेतलंस?"

तिने तोंड उघडून नुसता श्वास सोडला. तो एक पाऊल मागे सरकला. लेक म्हणाली, "आई, शी," आणि हसायलाच लागली. सासूबाईंनी शालीच्या टोकाने हनुवटी पुसली आणि कुणीही न विचारता जाहीर केलं की त्यांना कडक चावलं. थोडं राहिलं, पण बरंचसं चावलं.

रस्ता ओलांडून सगळे बसस्थानकात आले. रविवारची दुपार, चौकशीच्या काचेआड बदली बाई पेंगत होती. फलाटावर एक गाडी इंजिन सुरू करून उभी होती.

"चला, चला," नवरा म्हणाला. आज त्याला सगळंच कळत होतं. "आपलीच आहे. पळा."

गाडी त्यांची नव्हती. चौकशीताईला त्यासाठी पाटी बघायची गरज नव्हती. कुठली गाडी कुठल्या खांबाशी लागते हे तिला स्वतःच्या बोटांसारखं माहीत. ही तलावाकडची. त्यांचं घर बरोबर दुसऱ्या दिशेला. नवऱ्याने सासूबाईंना कोपराला धरून चढवलं, लेकीला चढवलं, आणि दारात उभा राहून बायकोकडे पाहिलं. पण काही विचारलं नाही.

ती चढली.

कंडक्टर तिला ओळखत होता. त्याच्या भुवया वर गेल्या. "ताई, तुम्ही ह्या गाडी..."

"चार द्या," चौकशीताई म्हणाली. "शेवटपर्यंत."

तिने खिडकीची जागा घेतली. शेजारी सासूबाई टेकल्या. गाडी फलाटावरून मागे सरली, फाटकाबाहेर पडली आणि उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळली. पुढच्या बाकावर नवरा लेकीला सांगत होता, की तिखट कसं हळूहळू चढतं, आणि मग एकदम उतरतं, आणि मग माणसाला स्वच्छ दिसायला लागतं.

सासूबाई जरा कलल्या. "ही आपली नाही ना गं?"

"नाही, आई."

"मला वाटलंच." त्यांनी पाय सैल सोडले. "काय आहे तिकडे?"

"तलाव आहे म्हणतात. मी नुसतं लोकांना पाठवते." चौकशीताईने काच खाली केली. वारा आला आणि शेजारणीच्या शालीचं टोक तिच्या तोंडावर उडालं. दोघींनाही लसणाचा वास येत होता.